त्रैक्याला बायबलमध्ये आधार आहे का? यावर वाद घालायचा तर कसा घालायचा

आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की ही मधेच कुठे वळली. मी त्रैक्य मानते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तीन व्यक्ती आणि देव एकच, हे मी नुसतं चर्चमध्ये सगळ्यांबरोबर म्हणत आलेय असं नाही, वचन वाचून मला ते पटलेलंय. पण आपली माणसं या विषयावर ज्या पद्धतीने वाद घालतात ते बघून जीव तळमळतो, कारण सगळ्यात कमकुवत वचनं पुढे करायची, समोरच्याने ती खोडून काढली की आवाज चढवायचा, आणि खरी भक्कम वचनं मात्र उघडायचीच नाहीत, असं चाललेलं असतं. यात घरातली तरुण पोरं बघत असतात आणि त्यांना वाटतं की आपल्याकडे उत्तरच नाही. हा विषय हलका नाही हो. येशू देव नसेल तर त्याची उपासना करणारे आपण सगळे पहिल्याच आज्ञेचा भंग करतोय, आणि असेल तर त्याला नाकारणं म्हणजे देवालाच नाकारणं. म्हणून नीट तयारी करूनच बसायचं.

पहिलं काम: प्रश्न नक्की कोणता ते ठरवा

"त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये दाखव" असं समोरचा म्हणाला की पहिल्याच मिनिटाला मान्य करून टाका, नाहीये. लॅटिनमध्ये तो शब्द तर्तुल्लियन या जुन्या ख्रिस्ती लेखकाने वापरात आणला, म्हणजे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, आणि त्याच्या आधी ग्रीकमध्ये अंत्युखियाच्या थियोफिलसने साधारण १८० च्या सुमारास तीन या अर्थाचा शब्द लिहिलाय. हे मान्य केल्याने काहीही बिघडत नाही, उलट अर्धा तास वाचतो. पण लगेच पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा, की "आधार" म्हणजे तुला काय अपेक्षित आहे? वचनात ते स्पष्ट शब्दांत शिकवलंय असं दाखवायचं, की वचनात जे आहे ते सगळं एकत्र धरलं तर त्रैक्यापर्यंत यावंच लागतं असं दाखवायचं, की वचनाला त्रैक्य चालून जातं एवढंच? हे तीन वेगळे दावे आहेत आणि भांडणं होतात ती बहुतेक याचमुळे, एक जण पहिल्यावर बोलतोय आणि दुसरा तिसऱ्यावर. माझा दावा दुसरा आहे. मी कधीच म्हणणार नाही की पौलाने ३२५ च्या निकेया परिषदेचा विश्वासांगीकार (चर्चने ठरवून दिलेली विश्वासाची कबुली) पाठ करून पत्रं लिहिली, पण मी हे म्हणेन की पौलाने आणि योहानाने जे लिहून ठेवलं त्याला न्याय द्यायचा तर दुसरी कुठलीच मांडणी पुरत नाही.

मग कागदावर तीन वाक्यं लिहा. देव एकच आहे. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पवित्र आत्मा देव आहे. पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे, आत्मा म्हणजे पिता नव्हे. एवढंच. बाकीचं तत्त्वज्ञान, 'एकतत्त्व' (तिघांचं मूळ तत्त्व एकच) वगैरे, नंतर. आता समोरच्याला विचारा यातलं नेमकं कोणतं वाक्य तुला खटकतंय, कारण सगळं त्यावर ठरतं.

समोर कोण बसलंय

यहोवाचे साक्षीदार असतील तर त्यांना दुसरं वाक्य मान्य नाही, पुत्र हा देवाने सगळ्यात आधी निर्माण केलेला असं ते म्हणतात, म्हणजे ही चौथ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या आरियसच्या जवळची भूमिका झाली. फक्त येशूच्या नावाने बाप्तिस्मा देणारी जी पेंटेकॉस्टल मंडळी आहेत त्यांचा आक्षेप तिसऱ्या वाक्याला, त्यांच्या मते पिता तोच पुत्र आणि तोच आत्मा, नावं आणि रूपं वेगळी. या मताचे लोक १९१६ साली अमेरिकेत असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेतून बाहेर पडले पण मत फार जुनं आहे, तिसऱ्या शतकातल्या सबेल्लियसच्या नावाने ओळखलं जातं. आणि युनिटेरियन लोक म्हणतात येशू थोर माणूस, देवाने निवडलेला मसीहा, पण माणूसच. आता बघा, साक्षीदारांसमोर येशू जन्माआधीपासून होता हे सिद्ध करत बसलात तर वेळ फुकट, ते त्यांना मान्यच आहे. आणि येशूच्या नावानेवाल्यांसमोर येशू देव आहे हे सिद्ध करत बसलात तर ते तुमच्यापेक्षा मोठ्याने आमेन म्हणतील.

मुस्लिम मित्र असेल तर मामला वेगळा, कारण नवा करार जसा आहे तसा त्याला प्रमाणच नाही. तिथे वचनाचा वाद आधी घालू नका, आधी एवढंच स्पष्ट करा की तीन देव आम्हीही नाकारतो आणि मरियेला आम्ही त्रैक्यात धरत नाही. हिंदू मित्र बहुतेक वेळा भांडत नाही, तो प्रेमाने म्हणतो अरे म्हणजे आमच्या ब्रह्मा विष्णू महेशासारखंच की. त्याला नम्रपणे सांगा की त्रिमूर्तीत उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटलेली आहेत आणि इथे तसं नाही, निर्मिती पित्याची तशी पुत्राचीही म्हटलीय. एवढं पुरतं.

काय टाकून द्यायचं

आता आपल्याच लोकांना राग येईल असं बोलते. १ योहान ५:७, "स्वर्गात साक्ष देणारे तीन आहेत, पिता, शब्द आणि पवित्र आत्मा आणि हे तीन एक आहेत" या आशयाचं (इथे शब्द म्हणजे पुत्र) जे वचन जुन्या छपाईत सापडतं, ते वादात वापरूच नका. का ते समजून घ्या. इरॅस्मस या डच विद्वानाने ग्रीक नवा करार १५१६ ला छापला त्यात हे वाक्य नव्हतं, १५१९ च्या आवृत्तीतही नव्हतं, कारण त्याच्यासमोरच्या ग्रीक हस्तलिखितांत ते नव्हतंच. लोकांनी ओरड केली. मग एक ग्रीक हस्तलिखित पुढे आलं ज्यात ते होतं, ते आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे आणि ते इरॅस्मसच्या काळातलंच आहे, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते वाक्य घेतलं. तिथून ते १६११ च्या इंग्रजी किंग जेम्समध्ये गेलं आणि पुढे जगभर. ग्रीक हस्तलिखितांत ते मोजक्याच ठिकाणी मिळतं आणि तीही उशिराची. पण मला सगळ्यात निर्णायक वाटतो तो पुरावा वेगळाच आहे. चौथ्या शतकात आरियसविरुद्ध एवढं रान उठलं होतं, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने पुस्तकंच्या पुस्तकं लिहिली, आणि त्या ग्रीक लेखकांपैकी कोणीच हे वचन काढून दाखवत नाही. असतं तर पहिलं तेच दाखवलं असतं ना! आयझॅक न्यूटनने याच वचनावर आणि १ तीमथ्य ३:१६ वर लांबलचक लिहून ठेवलं होतं, ते १७५४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापलं गेलं. तर तुम्ही हे वचन काढलंत आणि समोरच्याला हा इतिहास माहीत असला तर पुढचं तुमचं एकही वचन तो गंभीरपणे ऐकणार नाही. १ तीमथ्य ३:१६ चंही तसंच, तिथे "देव" की "जो" असा हस्तलिखितांत फरक आहे, सोडून द्या.

उत्पत्ती १:२६ मधलं "आपण आपल्या प्रतिरूपाचा मनुष्य करू" हेही पुरावा म्हणून नको. त्रैक्य आधीच मानणाऱ्याला तिथे त्रैक्य दिसतं, मलाही दिसतं, पण ज्याला मान्य नाही तो म्हणेल देव स्वर्गातल्या दूतसभेशी बोलतोय आणि तुमच्याकडे त्याला खोडायला त्या वचनात काहीही नाही. यशया सहामधलं तीनदा "पवित्र" तसंच. आणि पाणी-बर्फ-वाफ हा दाखला तर संडेस्कूलमधून कायमचा हद्दपार व्हायला हवा, कारण एकच पाणी तीन रूपं घेतं हे त्रैक्य नव्हेच, ते नेमकं सबेल्लियसचं मत आहे.

योहान १०:३०, "मी आणि पिता एक आहोत", याच्यावर जपून. पुढे १७:२१-२२ मध्ये येशू शिष्यांसाठी प्रार्थना करतो की आपण जसे एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावं, मग शिष्यही देव झाले का, असा प्रश्न येणारच. येतोच, दोनशे वर्षांपूर्वी आपल्याकडेच आलाय. राजा राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये येशूच्या उपदेशांचं संकलन काढलं, त्यात चमत्कार आणि सिद्धांत बाजूला ठेवले, आणि त्यावरून बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनच्या जोशुआ मार्शमनशी त्यांचा छापील वाद जुंपला. (हेच ते श्रीरामपूर जिथून विल्यम कॅरीने १८११ मध्ये मराठी नवा करार छापला.) राममोहन नुसते मत मांडून थांबले नाहीत, हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून एकेक वचन त्याच्या आगेमागेसकट तपासत गेले, आणि १८२३ पर्यंत त्यांनी तीन दीर्घ उत्तरं लिहिली. शेवटचं छापायला मिशनच्या छापखान्याने नकार दिला म्हणून त्यांनी स्वतःचा छापखाना उभा केला. याच सुमारास त्यांच्याबरोबर शुभवर्तमानांच्या बंगाली भाषांतरावर काम करणारा विल्यम अ‍ॅडम हा मिशनरी, योहान १:३ मध्ये सगळं शब्दाने केलं की शब्दाच्या द्वारे झालं यावर चर्चा करता करता, १८२१ मध्ये स्वतःच युनिटेरियन झाला. राममोहनांचा निष्कर्ष मला मान्य नाही, पण तयारी कशी असावी हे शिकायचं तर त्यांच्याकडून शिकावं, आणि ते काय म्हणतील याला उत्तर असल्याशिवाय बसूच नये.

कुठे पाय रोवायचे

माझा अनुभव असा की "येशूला कुठे देव म्हटलंय" याची यादी वाचण्यापेक्षा एक वेगळी वाट जास्त भक्कम आहे. जुन्या करारात जी वचनं परमेश्वराबद्दल, म्हणजे यहोवाबद्दल आहेत आणि दुसऱ्या कोणालाच लागू शकत नाहीत, ती नव्या करारात येशूला लावलेली कुठे दिसतात, हे शोधायचं. नुसती पदवी उसनी देता येते, स्तोत्र ८२ मध्ये न्यायाधीशांनाही "देव" म्हटलंय, आणि येशू स्वतः योहान १०:३४ मध्ये ते दाखवतो. पण परमेश्वराचं खास एकट्याचं जे आहे ते उसनं देता येत नाही.

हे प्रत्यक्ष असं करा. दोघांनी आपापलं बायबल घ्या. आधी यशया ४५ काढा, २१ ते २३. मोठ्याने वाचा. माझ्याशिवाय दुसरा देव नाही, असं परमेश्वर म्हणतो, आणि त्यालाच जोडून म्हणतो की प्रत्येक गुडघा माझ्यापुढे टेकेल आणि प्रत्येक जीभ माझी शपथ वाहील. एकमेव देव कोण यावरचा जुन्या करारातला हा सगळ्यात कडक अध्याय. आता समोरच्याला विचारा, हे वचन एखाद्या देवदूताला लावता येईल का? संदेष्ट्याला? तो नाही म्हणेल, म्हणावंच लागेल. त्याचं "नाही" पक्कं झाल्यावर मग फिलिप्पैकरांस २:९-११ उघडा. येशूच्या नावाने प्रत्येक गुडघा टेकला जावा आणि प्रत्येक जिभेने कबूल करावं की येशू ख्रिस्त हा प्रभू आहे. तेच शब्द. आणि पौलाला ते वचन मूळचं कोणाचं हे माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण रोमकरांस १४:११ मध्ये त्याने तेच वचन देवाबद्दल म्हणून दिलंय.

मग गप्प बसा आणि त्याचं ऐका. चांगला अभ्यास असलेला माणूस दोन गोष्टी सांगेल. एक, नवव्या वचनात देवाने त्याला ते नाव "दिलं" असं आहे, ज्याला मिळतं त्याच्याकडे आधी नव्हतं. दोन, अकराव्याचा शेवट "देवपित्याच्या गौरवासाठी" असा आहे, म्हणजे राजाच्या प्रतिनिधीला दिलेला मान शेवटी राजाला पोचतो तसं. हे आक्षेप खरे आहेत, उडवून लावू नका. माझं उत्तर असं की सहाव्या ते आठव्या वचनात तो आधी देवाच्या स्वरूपाचा होता, मग त्याने स्वतःला रिकामं केलं, मग मरण, आणि मग उंचावणं, म्हणजे जे "दिलं" ते खाली उतरलेल्याला वर घेताना दिलंय. आणि प्रतिनिधीचं म्हणाल तर यशयाच्या त्याच भागात, ४२:८ मध्ये, परमेश्वर म्हणतो की मी माझा गौरव दुसऱ्याला देणार नाही. पित्याच्या गौरवासाठी हे तर आम्हाला हवंच आहे, त्यामुळे तर तिसरं वाक्य टिकतं.

अशीच दुसरी जोडी म्हणजे स्तोत्र १०२:२५-२७ आणि इब्री १:१०-१२. पृथ्वीचा पाया घालणारा, आकाश वस्त्रासारखं जीर्ण झालं तरी जो तसाच राहतो, ते सगळं परमेश्वराला उद्देशून, आणि इब्री पत्र ते सरळ पुत्राला उद्देशून देतं. लोक नेहमी इब्री १:८ वापरतात पण ते मुळात स्तोत्र ४५ मधलं, एका राजाच्या लग्नाचं, तिथे पळवाट आहे. दहावं वचन वापरा.

आणि १ करिंथकरांस ८:६, हे मला सगळ्यात आवडतं कारण ते दोन्ही बाजूंचं आहे. पौल हे पत्र साधारण इ.स. ५५ च्या सुमारास लिहितो, निकेयाच्या पावणेतीनशे वर्षं आधी. यहुदी माणूस रोज म्हणतो ते जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकातलं ६:४, आपला देव परमेश्वर हा अनन्य परमेश्वर आहे, त्यातले "देव" आणि "प्रभू" हे दोन्ही शब्द घेऊन पौल म्हणतो की आपल्याला एकच देव म्हणजे पिता, आणि एकच प्रभू म्हणजे येशू ख्रिस्त, आणि दोघांच्याही वाट्याला "सर्व काही" येतं. युनिटेरियन मित्र पहिल्या अर्ध्यावर बोट ठेवेल, बघ, एकच देव म्हणजे पिता. बरोबर आहे, तसंच लिहिलंय. पण मग दुसऱ्या अर्ध्याचं काय करायचं? एका देवाची कबुली देणाऱ्या वाक्यात, मूर्तींना वाहिलेल्या नैवेद्याचा प्रश्न चालू असताना, निर्मितीत भाग असलेला दुसरा कोणीतरी निर्मित जीव पौल घुसवेल? मला ते अशक्य वाटतं.

योहान १:१ मधल्या "शब्द देव होता" यावर यहोवाचे साक्षीदार त्यांच्या भाषांतरातून "एक देव" (म्हणजे कोणी एक देव) असं दाखवतील, ग्रीकमध्ये तिथे उपपद (इंग्रजीतल्या the सारखा शब्द) नाही म्हणून. त्याच अध्यायातली ६, १२ आणि १३ ही वचनं दाखवा, तिथेही उपपद नाही आणि तिथे त्यांनीही सरळ देवच केलंय. पण यावर रात्र घालवू नका, योहान २०:२८ वर जा. थोमा येशूला म्हणतो "माझा प्रभू व माझा देव!" काही जण म्हणतात ते आश्चर्याने तोंडातून निघालेलं होतं, पण वचन म्हणतं की तो *त्याला* म्हणाला, आणि येशू त्याला दटावत नाही.

येशूच्या नावानेवाल्यांसाठी मात्र वरचं काहीच उपयोगाचं नाही. त्यांच्यासमोर योहान ८:१७-१८ ठेवा. नियमशास्त्रात दोन माणसांची साक्ष खरी मानतात, आणि येशू म्हणतो एक साक्षीदार मी, दुसरा पिता. दोघे वेगळे नसतील तर त्या युक्तिवादात राहिलं काय? शिवाय १७:५, जग होण्याआधी तुझ्याजवळ माझा जो गौरव होता, असं येशू पित्याला म्हणतो.

पवित्र आत्म्याचा भाग

इथे आपली बाजू वचनात तुलनेने पातळ आहे हे प्रामाणिकपणे कबूल करा. नव्या करारात आत्म्याला उद्देशून केलेली प्रार्थना सापडत नाही, पौलाच्या पत्रांच्या सुरुवातीच्या शुभेच्छा पिता आणि प्रभू येशूकडून असतात, आत्म्याचं नाव नसतं, आणि आत्मा "ओतला" जातो. चर्चलाही हे स्पष्टपणे मांडायला वेळ लागला, आत्म्याबद्दलचा लांब भाग विश्वासांगीकारात ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेत आला. पण नुसती शक्ती म्हणून भागत नाही. प्रेषितांची कृत्ये १३:२ मध्ये आत्मा बोलतो आणि "मी" म्हणतो, इफिसकरांस ४:३० मध्ये त्याला खिन्न करता येतं, रोमकरांस ८ मध्ये तो विनंती करतो, आणि कृत्ये ५:३-४ मध्ये हनन्या पवित्र आत्म्याशी लबाडी करतो तर पेत्र म्हणतो तू देवाशी लबाडी केलीस. विजेशी कोणी खोटं बोलत नाही.

मत्तय २८:१९ इथेच येतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या "नावाने", तिघे आणि नाव एकवचनी. लगेच उत्तर येईल की मग कृत्ये २:३८ मध्ये येशूच्या नावाने बाप्तिस्मा का? हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या वाटेवरचाच आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्राचार्य डोरोथिया बीलना जी पत्रं लिहिली त्यात त्रैक्याबद्दल गंभीर शंका आहेत. चर्च म्हणतं म्हणून नव्हे, वचनात काय आहे ते दाखवा, असा त्यांचा हेका होता. त्यांना उद्धट म्हटलं गेलं. पण याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारलं, म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि १९२२ मध्ये मरायच्या आधी ते काम पुरं केलं. तुमच्या घरातली मुलगी असे प्रश्न विचारायला लागली तर तिला "शंका घेऊ नये" म्हणून गप्प करू नका, प्लीज. तिच्यासमोर बायबल उघडून बसा.

त्यांची भक्कम वचनं

ती आधीच पाठ असू द्या. पिता माझ्यापेक्षा थोर आहे, योहान १४:२८. एकच खरा देव जो तू, १७:३. माझ्या देवाकडे जातो, २०:१७. शेवटी पुत्र स्वतः अधीन होईल, १ करिंथकरांस १५:२८. कलस्सैकरांस १:१५ मधलं "ज्येष्ठ" त्या मानाने सोपं आहे, स्तोत्र ८९:२७ मध्ये दावीदाला परमेश्वर ज्येष्ठ करीन म्हणतो आणि दावीद तर इशायाचा धाकटा मुलगा, म्हणजे तो मानाचा शब्द आहे. आज्ञा मानणं आणि कमी दर्जाचं असणं यातला फरकही सांगता येतो, मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नसतो म्हणून तो बापापेक्षा कमी माणूस ठरत नाही.

सगळ्यात अवघड मार्क १३:३२. त्या दिवसाबद्दल पुत्रालाही ठाऊक नाही, फक्त पित्याला. इथे आपली माणसं "ते माणूस म्हणून बोलला" असा शिक्का मारून मोकळी होतात, आणि प्रत्येक अडचणीच्या वचनावर तोच शिक्का मारला की समोरच्याला ती पळवाट वाटते, आणि वाटणारच. आधी फिलिप्पै २ वरून दाखवा की स्वतःला रिकामं करणं ही कल्पना वचनातलीच आहे, आम्ही शोधलेली नाही, मगच ती इथे लावा. शिवाय क्रम बघायला सांगा, देवदूत, मग पुत्र, मग पिता, म्हणजे पुत्र देवदूतांच्या वरच्या पायरीवर. एवढ्याने प्रश्न पूर्ण सुटत नाही. आत्म्याला ठाऊक आहे का, असं त्याने विचारलं तर या वचनात उत्तर नाही, असं सरळ सांगा.

बसण्याच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद नकोच, तिथे एकाला उत्तर देईपर्यंत दुसरे वीस वचनं टाकतात. दोघांनी एकच भाषांतर धरा, एका बैठकीला एकच उतारा, आणि वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचल्याशिवाय अर्थ सांगायचा नाही. अर्ध्यात थांबा आणि त्याची बाजू तुमच्या शब्दांत त्याला सांगून दाखवा, तो "हो, हेच म्हणतोय मी" म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. यात फार वेळ जातो. जाऊ दे.

पहिल्या बैठकीला कुठला उतारा घ्यावा असं कोणी विचारलं तर मी योहान ५:१७ ते ३० सांगते. अठराव्यात तो स्वतःला देवासमान करतो म्हणून यहुदी त्याला मारायला बघतात, एकोणिसाव्यात पुत्राला स्वतः होऊन काही करता येत नाही. तेविसाव्यात पित्याचा मान ठेवतात तसाच पुत्राचा ठेवायचा, सव्विसाव्यात पित्याने पुत्राला स्वतःच्या ठायी जीवन असण्याचं दिलं. चौदा वचनांत दोन्ही बाजूंचं सगळं सामान आहे आणि कोणालाही आपल्या सोयीचं अर्धं उचलून पळता येत नाही. दोघांनी पेन्सिल घ्या, तुमच्या मताला अडचणीचं वाटेल त्या वचनाखाली आपापल्या प्रतीत रेघ मारा, आणि बोलायला सुरुवात त्याच वचनांपासून करा.